यादीतला तांबे कोण होता भाऊ?

गोष्ट पानठेल्यावरची आहे. आमच्या दर्यापूर भागात संध्याकाळी सातनंतर दोनच जागी गर्दी असते, एक देऊळ आन् एक पानठेला, आणि एमपीएससीवाली पोरं दुसऱ्या जागी जास्त सापडतात. त्यातल्या एकानं मोबाइलवरचा प्रश्न मोठ्यानं वाचला, सीपी अँड बेरार, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, त्याचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, खाली चार नावं. तो म्हणे मंगलदास पकवासा. मी पण म्हटलं पकवासाच, १९४७ च्या ऑगस्टात इंग्रज गेला आणि हे आले, त्यात विचारायचं काय. ॲपनं हिरवी टिक दिली, विषय संपला.

रात्री लाइट गेली आणि झोप येईना म्हणून मोबाइलवर गव्हर्नरांची यादीच काढून बसलो. १९२० पासून फ्रँक स्लाय, मग माँटेग्यू बटलर, हाइड गोवन, फ्रान्सिस वायली, हेन्री ट्वायनम, फ्रेडरिक बोर्न, मग पकवासा. पण मधे बारीक अक्षरात कार्यवाहक लोकांची नावं होती, साहेब रजेवर गेला की खुर्ची सांभाळायला बसवलेली माणसं. १९२७ मार्टेन, १९२९ एस. बी. तांबे, १९३२ नेल्सन, १९३६ ई. राघवेंद्र राव. मी उठूनच बसलो. तांबे? श्रीपाद बळवंत तांबे, अमरावतीचे वकील. म्हणजे पकवासांच्या अठरा वर्षं आधी आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणचा एक मराठी वकील नागपूरच्या गव्हर्नरच्या खुर्चीत बसून गेला, काही महिने का होईना, आणि मी पंचावन्न वर्षं या जिल्ह्यात राहून हे नाव ऐकलं नाही. गाडगेबाबा माहीत, भाऊसाहेब देशमुख माहीत, दादासाहेब खापर्डे माहीत, तांबे नाही.

मी काही इतिहासाचा माणूस नाही हे आधीच सांगतो. कृषी केंद्र आहे माझं, जून-जुलैत जेवायला वेळ नसतो आणि मार्च-एप्रिलात दुकानात माश्या पण येत नाहीत, त्या रिकाम्या दिवसांत हा नाद लागला. तीन उन्हाळे झाले. आणि या तीन उन्हाळ्यांत गावात मला तांब्यांबद्दल जे दोन प्रश्न विचारले गेले, त्यांच्यावरच खरं तर हा लेख आहे.

पहिला प्रश्न, "इंग्रजाच्या चमच्यावर कायले टाइम घालवून रायला भाऊ?" दुसरा प्रश्न हळू आवाजात, जरा जवळ येऊन, "आपल्यातले होते काय?" म्हणजे जात कोणती. जात कळली की माणसाचं काय करायचं ते लगेच ठरतं, आपल्यातला असेल तर जयंती, नसेल तर चमचा. मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं बंद केलंय. पहिल्याचं मात्र द्यायला पाहिजे, कारण तो प्रश्न खोटा नाही.

तर आधी झालं काय ते सांगतो. १९१९ च्या कायद्यानं प्रांतात अर्धा-अर्धा कारभार आला, त्याला द्विदल राज्यपद्धती म्हणतात, शिक्षण-शेती-नगरपालिका असली खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आणि पैसा-पोलीस-महसूल गव्हर्नरच्या हाताखालच्या कौन्सिलकडे. म्हणजे बैल आपला आणि कासरा त्यांचा. १९२३ च्या निवडणुकीत चित्तरंजन दास-मोतीलाल नेहरूंचा स्वराज्य पक्ष उतरला तो याच गोष्टीवर की आम्ही कायदे कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात, जाऊ पण चालवायला नाही, बंद पाडायला. सीपीत त्यांना चक्क बहुमत मिळालं, बाकी कुठल्याच प्रांतात एवढं धड मिळालं नव्हतं. मग त्यांनी मंत्र्यांवर अविश्वास आणला, बजेट फेटाळलं आणि मंत्र्यांचा पगार किती ठेवला तर वर्षाला दोन रुपये. दोन रुपये! ही गोष्ट मी पानठेल्यावर सांगितली तेव्हा पहिल्यांदा लोकांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एक जण म्हणे आताच्या आमदारायले लागू करा हो. शेवटी गव्हर्नर स्लायनं ती खाती स्वतःकडे घेतली.

हा फ्रँक स्लाय पण कमी नाही. १९१७ मध्ये चंपारणात निळीच्या चौकशीसाठी जी सरकारी कमिटी बसली, ज्यात गांधीजी मेंबर होते, तिचा अध्यक्ष हाच, तेव्हा तो आमच्याच प्रांतात कमिशनर होता. आणि १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला, जमनालाल बजाजांना पकडलं, वल्लभभाई पटेल येऊन बसले, तेव्हा समोर गव्हर्नर कोण तर हाच. गांधींसोबत एका टेबलावर बसून शेतकऱ्याच्या बाजूचा रिपोर्ट देणारा माणूस सहा वर्षांनी झेंडा हातात धरला म्हणून लोकांना जेलात टाकणाऱ्या सरकारचा मुख्य असतो. सिनेमात असं पात्र दाखवलं तर आपण म्हणू जमलं नाही, पण माणसं अशीच असतात.

असो, तांब्यांकडे येऊ. तांबे स्वराज्य पक्षाचे, कायदे कौन्सिलचे अध्यक्ष झालेले. १९२५ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर बटलरच्या कार्यकारी कौन्सिलमध्ये एक जागा रिकामी झाली, ती होती सर मोरोपंत जोशींची, ते पण अमरावतीचेच, आणि ती जागा तांब्यांनी घेतली. पक्षाला न विचारता. होम मेंबर झाले, म्हणजे आजच्या भाषेत गृहखातं. कालपर्यंत जे सरकार बंद पाडायचं होतं त्याच सरकारात. देशभर बोंब झाली. मोतीलाल नेहरू भयंकर चिडले, तांब्यांची बाजू घेणाऱ्यांना उद्देशून पक्षाचा रोगट अवयव कापूनच टाकावा लागेल अशा अर्थाचं बोलले, त्यावरून पक्षातलेच पुढारी केळकर आणि जयकर बिथरले, राजीनामे झाले, आणि १९२६ च्या फेब्रुवारीत आमच्या अकोल्यात बैठक होऊन प्रतिसहकारवाल्यांचा, म्हणजे सरकार जेवढं देईल तेवढ्यापुरतं सहकार्य करावं म्हणणाऱ्यांचा, वेगळा पक्ष उभा राहिला. महाराष्ट्रातली स्वराज्य पक्षाची फूट म्हणून पुस्तकात जे दोन ओळींत येतं त्याचं मूळ एका अमरावतीच्या वकिलानं घेतलेल्या एका खुर्चीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, झालं की, गद्दारच आहे माणूस. थांबा.

ते प्रतिसहकारवाले तेव्हा एक प्रश्न विचारत होते आणि त्याचं सरळ उत्तर मला अजून कुठं मिळालं नाही. त्याच वर्षी, १९२५ मध्येच, विठ्ठलभाई पटेल दिल्लीच्या असेंब्लीचे अध्यक्ष झाले, तेही स्वराज्य पक्षाचे. खुद्द मोतीलालजी सरकारनं नेमलेल्या स्कीन कमिटीवर जाऊन बसले, सैन्यात भारतीय अधिकारी कसे घ्यायचे ते ठरवणारी कमिटी. ते चाललं, मग तांबेच काहून नाही? मला विचाराल तर फरक आहे, अध्यक्षाची खुर्ची आणि गृहखातं एक नाही, गृहखात्याच्या हाती पोलीस असतो. पण तो फरक डिग्रीचा आहे, देव आणि राक्षसाचा नाही.

आणि पुढं बघा. यवतमाळचे बापूजी अणे, लोकनायक. ते पण या प्रतिसहकारवाल्यांतलेच. १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह केला, जेलात गेले, मोठा माणूस, वादच नाही. आणि तेच बापूजी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी कौन्सिलवर गेले, १९४३ मध्ये गांधीजींचं उपोषण सुरू होतं तेव्हा बाहेर पडले. भाऊसाहेब पंजाबराव देशमुख, ज्यांच्या कॉलेजात माझ्या घरातले चार जण शिकले, ते १९३० ते ३३ या काळात याच बटलर साहेबाच्या प्रांतात मंत्री होते, शिक्षण आणि शेती बघत होते. बाबासाहेब १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं सांभाळत होते आणि त्यातून कामगारांचे किती कायदे निघाले ते सांगायला नको. या कोणालाच आपण चमचा म्हणत नाही, म्हणूच नये. मग "इंग्रजाच्या सरकारात बसला तो गद्दार" हे मोजमाप मोडीत निघालं ना? आपण ते मोजमाप फक्त त्याच्यावर वापरतो ज्याच्या मागं आज कोणी उभं नाही, ज्याची संस्था नाही, कॉलेज नाही, चौक नाही, व्होटबँक नाही.

तांब्यांच्या विरोधात खरा मुद्दा एकच आहे आणि तो मी लपवणार नाही. पद घेणार नाही म्हणून मतं मागितली आणि पद घेतलं. मतदाराला दिलेला शब्द मोडला. भाऊसाहेबांनी किंवा बाबासाहेबांनी तसा शब्द दिलाच नव्हता. हे वजनदार आहे, माझ्या मते तांब्यांची चूकच होती, निदान राजीनामा देऊन परत मतं मागायला पाहिजे होती. पण मग हाच नियम आजच्या महाराष्ट्राला लावायचं ठरवलं तर विधानसभेत किती दिवे लागलेले राहतील ते तुम्हीच मोजा. आपल्याला शब्द मोडणारे चालतात फक्त ते चालू काळातले पाहिजेत.

चूक होती हे म्हणणं वेगळं आणि तो माणूस पुसून टाकणं वेगळं. माझं भांडण या पुसण्याशी आहे. आपल्या इतिहासात दोनच खोके आहेत, एक हुतात्म्यांचा आणि एक गद्दारांचा, जो दोन्हीत बसत नाही तो रद्दीत. आता खरं सांगा, तुमच्या घराण्यात तीन पिढ्या मागं गेलात तर या दोन खोक्यांत कोण बसतं? माझा आजा पोलीस पाटील होता. सरकारी माणूस. बेचाळीसमध्ये त्याच्याच घरात एक भूमिगत पोरगा चार दिवस कडब्याच्या गंजीत लपला होता असं आजी सांगायची, आणि पाचव्या दिवशी आज्यानं ठाण्यात नेहमीसारखा रिपोर्ट दिला की गावात शांतता. तो कोणत्या खोक्यात टाकू? खेड्यातली बहुतेक माणसं अशीच मधल्या जागेत जगली, सरकारशी निभावून घेत, थोडं वाकत, थोडं फसवत. तांबे त्या मधल्या जागेतले सगळ्यात वर चढलेले होते एवढंच. त्यांना समजून घेतलं नाही तर आपल्याला आपले आजे पण समजणार नाहीत.

हौशी माणसानं या भानगडीत पडावं का, हा पुढचा प्रश्न. एका प्राध्यापक साहेबांनी मला तोंडावर सांगितलं की तुम्ही लोक इतिहासाचा व्हॉट्सॲप करता. राग आला, पण त्यांचं अर्धं खरं होतं. पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या ऐटीत एक टिपण लिहिलं होतं की आमचे बटलर साहेब म्हणजे संस्थानांच्या प्रश्नावर १९२७ मध्ये बसलेल्या बटलर कमिटीचे अध्यक्ष. सपशेल चूक. ते हारकोर्ट बटलर, हे माँटेग्यू बटलर, दोघं सख्खे भाऊ, दोघंही आयसीएस, दोघंही गव्हर्नर. दोन महिने मी भलत्याच भावाच्या मागं फिरत होतो. चूक सापडली तेव्हा ते टिपण ज्या-ज्या ग्रुपवर टाकलं होतं तिथं सगळीकडे माझं चुकलं म्हणून लिहिलं, त्यावर कोणी काही बोललं नाही, मूळ टिपण मात्र अजून फिरतंय.

पण चुकीच्या बटलरवरून बरोबर बटलरवर आलो तेव्हा असं काही हाती लागलं की तीन उन्हाळ्यांचं भाडं वसूल झालं. १९३२ मध्ये मताचा अधिकार कोणाला द्यायचा हे ठरवायला लॉर्ड लोथियनची कमिटी भारतभर फिरली. तिनं मतदार सुमारे ७० लाखांवरून साडेतीन कोटींच्या वर न्यायची शिफारस केली. त्या कमिटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच कमिटीवर एस. बी. तांबे होते. आणि इंग्लंडकडून आलेल्या मेंबरांत एक तरणा खासदार होता, आर. ए. बटलर, म्हणजे ज्या गव्हर्नरनं तांब्यांना कौन्सिलात घेतलं त्याचा पोरगा, जो पुढं १९४४ मध्ये इंग्लंडचा मोठा शिक्षण कायदा आणणारा मंत्री झाला. एका टेबलावर हे तिघं. आणि तांब्यांनी तिथं मुकाट सही केली नाही, कमिटीतल्याच चिंतामणी आणि बखले यांच्यासोबत आपलं वेगळं मतभेदाचं टिपण जोडलं, बाबासाहेबांनी आपलं वेगळं जोडलं. आता म्हणा चमचा. चमचा असता तर साहेबाच्या रिपोर्टाखाली वेगळं टिपण कशाला लिहिलं असतं?

बरं हे मला सापडलं कुठं तर घरबसल्या, स्कॅन केलेल्या जुन्या रिपोर्टांत. १९११ चं अमरावती जिल्ह्याचं गॅझेटियर पण तसंच फुकटात वाचायला मिळतं, फिट्झगेराल्ड आणि नेल्सन या दोघांनी केलेलं, आणि हा नेल्सन तोच बरं, १९३२ मध्ये जो कार्यवाहक गव्हर्नर म्हणून तांब्यांसारखाच बारीक अक्षरात येतो. म्हणजे साहेब लोकांनी आपल्याबद्दल जे छापलं ते सगळं मिळतं. जे मिळत नाही ते आपल्या लोकांनी लिहिलेलं.

तांबे वकील होते, त्यांच्या हातचे दावे, वकीलपत्रं, नगरपालिकेचे ठराव, होम मेंबर असताना गावागावातून त्यांच्याकडे गेलेले अर्ज, हे सगळं कुठंतरी असायला पाहिजे. पण १ नोव्हेंबर १९५६ ला आठ मराठी जिल्हे तुटून मुंबई राज्यात आले, उरलेला प्रांत मध्य प्रदेशात गेला, नागपूरची राजधानी गेली, आणि राजधानीसोबत कागदांची पण वाटणी झाली, भाऊ-भाऊ वेगळे निघाल्यावर भांड्यांची होते तशी. थोडं नागपूरच्या अभिलेखागारात, थोडं भोपाळकडे, वरच्या फायली दिल्लीत, साहेबांचे आपसातले कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. खापर्डे अमरावतीचे, वर्षानुवर्षं रोज डायरी लिहिणारा माणूस, तांब्यांच्याच गावचा आणि त्यांच्याच धंद्यातला, पण त्या डायऱ्या कुठं तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. खारपाणपट्ट्यातल्या माणसानं आपल्या जिल्ह्याची डायरी वाचायला दिल्लीचं तिकीट काढायचं.

आणि खालचे कागद, तालुका-जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधले, त्यांची कथा तर ऐकूच नका. एका कार्यालयात मी अर्ज घेऊन गेलो, नाव घेत नाही कारण तिथला बाबू बिचारा चांगला होता, त्यानंच स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणे काय पाहिजे, कोतवाल बुक? म्हटलं नाही. दाखल-खारीज? नाही. पेरेपत्रक, हक्क नोंदणी? नाही. मग काय पाहिजे? म्हटलं १९२५ ते ३० चे अर्ज, पत्रव्यवहार. तो खरोखर गोंधळला. म्हणे, "काका, इथं जो येते तो जातीच्या दाखल्यासाठी येते, तुमचं काम काय हाये नेमकं?" म्हटलं वाचायचं आहे. म्हणे वाचून? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन चकरा झाल्या, शेवटी कळलं की पत्रव्यवहाराचे जुने गठ्ठे कधीतरी छाटणीत गेले. सरकारी कागदाचे वर्ग असतात, अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. जमिनीचा कागद अ मध्ये जातो, माणसानं लिहिलेला अर्ज खाली-खाली सरकत जातो आणि एक दिवस पोत्यात भरला जातो. पोत्यावर कोणी लिहीत नाही की यात काय होतं.

माझं म्हणणं इथं येऊन टेकतं. रेकॉर्ड रूम ही फक्त हक्क आणि जात सिद्ध करायची जागा नाही, ती गावाची आठवण आहे, आणि ती वाचायला यायला कोणतंही "काम" लागू नये. हे अशक्य आहे असं कोणी सांगू नका. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा कुठून-कुठून मोडी वाचणारे शोधून आणले, गठ्ठे सोडले, स्कॅन झाले, नोंदी वेबसाइटवर चढल्या, सुट्टीच्या दिवशी पण कर्मचारी बसले. म्हणजे सरकारनं मनात आणलं की सत्तर-ऐंशी वर्षं न सुटलेली गाठ काही महिन्यांत सुटते. त्या मागणीच्या बाजूनं की विरुद्ध हा माझा विषय नाही, मी एवढंच म्हणतो की मोडी वाचणारा माणूस समोर बसला होता, गठ्ठा उघडा होता, त्यातली फक्त एक ओळ, जातीची, उचलली आणि बाकीचा कागद परत बांधला. त्या बाकीच्या कागदात पण आपलीच माणसं होती ना? कोणी तगाई मागत होतं, कोणी विहिरीवरून भांडत होतं, कोणी हुजूर-गरीबपरवर लिहून पाटलाची तक्रार करत होतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, २००५ चा. माहिती अधिकारात तर स्पष्ट आहे की वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती, दोन-तीन अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. पण माहिती अधिकारात "नष्ट झाले" असं उत्तर आलं की संपलं, कारण कायदा असलेला कागद देऊ शकतो, गेलेला परत आणू शकत नाही.

एक आक्षेप मात्र त्या बाबूनंच सांगितला आणि तो मला पटला. तो म्हणे काका, उघडं ठेवलं तर लोक नोंदी बदलतात, जुन्या शाईसारखी शाई आणून एक अक्षर वाढवतात, मग आमची नोकरी जाते. खरंच आहे, एका अक्षरावर पोराची मेडिकलची सीट असते, लोक काय वाट्टेल ते करतात. पण याचा उपाय कुलूप नाही, स्कॅन आहे. एकदा पानाचा फोटो निघून सर्व्हरवर गेला की मग खालच्या पानात कोणी अक्षर वाढवून काय उपयोग? मूळ वही कुलपात ठेवा, फोटो सगळ्यांना द्या. आणि छाटणीआधी यादी लावा, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, की या-या सालचे हे-हे गठ्ठे नष्ट होणार आहेत, कोणाला हरकत असेल तर एक महिन्यात सांगा. झाड तोडायला परवानगी लागते, शंभर वर्षांचा कागद फाडताना गावाला कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच बाजूच्या लोकांचा असतो, की खेड्यात इथं कापसाला भाव नाही, पोरांना नोकरी नाही, आणि हा बाबा गव्हर्नर शोधत बसला. त्यांना मी ई-क्लासची आठवण देतो. आमच्या गावात ई-क्लास, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या, जमिनीवरून दरवर्षी काठ्या निघतात, हा शब्द कुठून आला विचारा कोणाला, माहीत नाही. तो वऱ्हाडाच्या इंग्रजी महसुली कागदांतून आला. १९२८ चा बेरार लँड रेव्हेन्यू कोड म्हणून एक आख्खा कायदा होता, तांबे कौन्सिलात होते त्याच काळातला. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा सरळ सरकारला भरायचा, आणि तिकडं वर्धा-नागपूर-भंडाऱ्यात मालगुजारी, म्हणजे मधला मालगुजार तो गोळा करायचा, त्यामुळे त्यांच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि निस्तार हक्क, म्हणजे गावकऱ्यांचा चराई-जळणाचा हक्क, आमच्याकडे ते नाहीत. एवढंच काय, कागदोपत्री आमचा वऱ्हाड तेव्हा इंग्रजांचा पण नव्हता, निजामाचा होता, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलेला, आणि म्हणून वऱ्हाडातून निवडून आलेल्या कौन्सिल मेंबरांची पण नंतर गव्हर्नरकडून नेमणूक करावी लागायची. म्हणजे तांबे वकील कागदावर परक्या मुलखातले, आणि बसले गव्हर्नरच्या जागी. आज वेगळ्या विदर्भावर भाषणं होतात त्यात किती जणांना ही भानगड ठाऊक असते? जमीन कोणाची, पाणी कोणाचं, राज्य कोणाचं, या तिन्ही भांडणांची मुळं त्या गठ्ठ्यांत आहेत आणि आपण त्यावर बोलतो मात्र भाषणातून ऐकलेलं.

गंमत अशी की इंग्रजांच्या वस्तूंचा आपल्याला तिटकारा नाहीच. शकुंतला रेल्वे आमच्या बनोशावरून जायची, इंग्रज कंपनीची, ती बंद पडली तर आमच्याच भागातली माणसं ती सुरू करा म्हणून आंदोलनं करतात, मी पण एकदा रुळावर बसलो होतो. इंग्रजाची गाडी आपली वाटते. इंग्रजाच्या काळातली आपली माणसं तेवढी परकी.

त्या एमपीएससीवाल्या पोरानं, खरा जिद्दी पोरगा, आपल्या क्लासमध्ये तांब्यांचं नाव सांगितलं होतं. सर म्हणे कार्यवाहक धरायचा नसतो, आणि ऑप्शनमध्ये नाव आहे का? नाही ना, मग बसा खाली. परीक्षेपुरतं सर बरोबरच आहेत, त्याला मार्क पाहिजेत.

मला मार्क नको आहेत म्हणून मी पुढचा उन्हाळा पण यातच घालवणार आहे. नागपूरला अभिलेखागारात आठ दिवस बसायचं ठरवलंय, सोबत तो पोरगा येतो म्हणाला, त्याची परीक्षा झाली की. गोपाळराव ओगल्यांच्या "महाराष्ट्र" वर्तमानपत्रात १९२५ च्या त्या दिवसांत तांब्यांना किती शिव्या घातल्या ते पण बघायचं आहे, शिव्या पण पुरावाच असतो. एका वाचनालयात जुने अंक आहेत म्हणून मी मागच्या वर्षी गेलो होतो तर आदल्या दिवाळीत रद्दीवाल्याला दिले म्हणाले, किलोच्या भावानं, तो भाव पण त्यांना आठवत होता.

तर आता दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. अमरावती, दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, मूर्तिजापूर या भागात ज्यांच्या माळ्यावर आज्या-पणज्याची ट्रंक आहे, त्यात स्टॅम्प पेपर असतील, मोडीतले कागद असतील, कुठं खाली इंग्रजीत तांबे वकिलाची सही असेल, कुठं नागपूरच्या सेक्रेटरिएटचा शिक्का असेल, ते चुलीत घालू नका. वाचता नाही आलं तरी चालेल. उजेडात, गच्चीवर, सकाळच्या उन्हात दोन्ही बाजूंचा फोटो काढा, कोपऱ्यात गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि कागद परत ट्रंकेत टाका, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते, जुन्या सुती कपड्यात गुंडाळा आणि वरून कडुलिंबाचा पाला.